अफूची गोळी

‘अफूची गोळी’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मार्क्स आठवतो. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत कुणी हा शब्द वापरला की हमखास टाळ्या पडायच्या. आमच्या घरात मात्र तो कुणी उच्चारत नसे. निदान आजीसमोर तरी नाहीच. लहानपणी याचं कारण माहीत नव्हतं. एवढंच दिसायचं, की धाकट्या भावासाठी आई सहाणेवर घुटी उगाळायला बसली की आजी हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची. जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ... एकेक वस्तू उचलून बघायची, नाकाशी धरायची आणि परत ठेवायची. जायफळाचे वळसे तर मोजायची. दोनच्या वर तिसरा वळसा पडला की आईचा हात धरायची.

या विषयावर लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले. शेवटी आत्याला फोन करून विचारलं, “घरातली गोष्ट आहे, लिहू का?” ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “लिही. जिला त्रास व्हायचा ती गेली. आता कुणाची लाज धरायची?” तेव्हा नातेवाईक मंडळींनो, मला फोन करण्याआधी आत्याशी बोला!

गोष्ट अशी. आजी लग्न होऊन मुंबईला आली आणि गिरणीत वायंडिंग खात्यात लागली. १९४१ साली तिला पहिला मुलगा झाला. आत्याच्या आधीचा. चार महिन्यांचं बाळ शेजारणीकडे ठेवून ती कामावर जायची. कामाचे दहा तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ. शेजारणीची स्वतःची तीन मुलं. बाळ रडू नये म्हणून त्याला सकाळी मोहरीएवढी गोळी द्यायची, हे त्या मजल्यावरच्या सगळ्याच बायका करत. आजीही करायची. एक दिवस संध्याकाळी ती परत आली तेव्हा बाळ उठलंच नाही. त्याचं बारसं झालेलं होतं, नाव ठेवलेलं होतं. ते नाव आमच्या घराण्यात पुन्हा कुणाला ठेवलं नाही.

आजीने आयुष्यभर मानलं, की हे तिच्या हातून झालं. तिच्या एकटीच्या. मी इतिहास वाचायला लागले ते खरं तर या एका गोष्टीसाठी. ती गोळी आजीच्या हातात कुठून आली?

गोळीचं नाव होतं ‘बाळगोळी’. मुंबईत ती सर्रास विकत मिळायची. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सरकारला कळवलं होतं, की या बायकांच्या जवळजवळ प्रत्येक तान्ह्या मुलाला अफू दिली जाते. पुढे कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या शाही कमिशननेही (१९२९ ते १९३१) या चालीची दखल घेतली. म्हणजे आजीच्या बाळाच्या दहा वर्षं आधी हे सगळं सरकारदरबारी छापील स्वरूपात होतं. पाळणाघरं मात्र मोजक्याच गिरण्यांत होती.

आणि हे काही आपल्याच ‘अडाणी’ बायकांचं नव्हतं. आपल्या गिरण्यांची यंत्रं ज्या लँकेशायरमधून आली, तिथल्या गिरणीतल्या बायकाही शंभर वर्षांपूर्वी हेच करत होत्या. तिथे ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं गोड सरबत मिळायचं, काकवी आणि अफूचं. मुलाला चमचाभर पाजायचं की ते निजून राहायचं. तिथेही मुलं मेली, तिथेही दोष आयांनाच दिला गेला. १८६८ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला तेव्हा कुठे अफूच्या विक्रीवर थोडं बंधन आलं. थोडंच. बाटलीत घालून ‘पेटंट औषध’ म्हणून जे विकलं जायचं ते बरंचसं त्यातून सुटलं.

तान्हं मूल अफूने का मरतं, हे आता नीट माहीत आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की दुधासारखा चीक येतो. तो वाळला की झाली अफू. (आपण शिऱ्यावर आणि अनरशावर घालतो ती खसखस त्याच बोंडातलं बी. त्यात नशा जवळजवळ नसते, तेव्हा दिवाळीत निर्धास्त राहा.) या चिकात साधारण दहा टक्के मॉर्फिन असतं. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत काही खास कुलपं आहेत, त्यांत मॉर्फिनची किल्ली नेमकी बसते. ही कुलपं १९७३ मध्ये अमेरिकेत सापडली. मग प्रश्न आला, की झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला? दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला उत्तर मिळालं. शरीर स्वतःही तशाच किल्ल्या बनवतं. जखम झाली, बाळंतपणाच्या कळा आल्या, की वेदना सोसता यावी म्हणून. अफू ही जणू त्या घरच्या किल्लीची नक्कल आहे.

ती कुलपात बसली की वेदना कमी होते. पूर्ण जात नाही, पण तिचं ओझं वाटेनासं होतं. काळजी मावळते. खोकला थांबतो, आतडी मंदावतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आणि श्वास मंदावतो. श्वास चालू ठेवणारं मेंदूतलं केंद्रच गुंगतं. मोठ्या माणसाला जेवढी अफू म्हणजे नुसती झोप, तेवढ्यात तान्ह्या मुलाचा श्वास थांबू शकतो. त्यात गोळी हाताने वळलेली. कालची मोहरीएवढी आणि आजची मोहरीएवढी यांत किती फरक, हे वळणारीलाही माहीत नसतं.

बरं, मुंबईत ही अफू एवढी मुबलक कशी? त्यासाठी आणखी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

ईस्ट इंडिया कंपनीला चीनचा चहा हवा होता आणि त्या बदल्यात चांदी द्यायची नव्हती. म्हणून चीनमध्ये अफू खपवायची. बिहार आणि बनारसकडची अफू कंपनीच्या मक्तेदारीत होती. पण माळव्यातली अफू म्हणजे होळकर, शिंदे यांच्या मुलखातली. तिथे कंपनीचं शेत नव्हतं. सुरुवातीला कंपनीने माळव्याच्या अफूला मुंबई बंदर बंद करून पाहिलं, तर व्यापाऱ्यांनी ती पोर्तुगीजांच्या दमणमधून बाहेर काढली. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने शहाणपणा केला. अडवण्याऐवजी प्रत्येक पेटीवर कर घ्यायचा आणि मुंबईतून जाऊ द्यायची. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीकडची वाटही हातात आली आणि तो कर वाढत गेला. चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झेशू याने १८३९ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या, त्यावरून इंग्लंडने युद्ध केलं. १८४२ च्या तहात हाँगकाँग पदरात पाडून घेतलं.

त्याच १८४२ मध्ये मुंबईच्या जमशेटजी जिजीभॉय यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. ती मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची मोठी कमाई चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. त्या पैशातून त्यांनी केलेला दानधर्मही तितकाच मोठा. १८४५ मध्ये सुरू झालेलं जे. जे. हॉस्पिटल, पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. माहीमचा कॉजवे बांधायला त्यांच्या पत्नी आवाबाईंनी पैसे दिले. मी काही त्यांच्यावर फिर्याद करायला बसलेली नाही. त्या काळात हा व्यापार कायदेशीर होता, आणि अनेक शेठ तो करत होते, पारशी, गुजराती, मारवाडी, बगदादी ज्यू. पण माझ्या वडिलांचा मोडलेला हात जे. जे. मध्ये सांधला गेला, आणि त्यांच्या थोरल्या भावाचा श्वास ज्या वस्तूने थांबला, तिचाच पैसा त्या इमारतीच्या पायात होता. शहर असंच उभं राहतं बहुधा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक वर्षं हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नातला सुमारे सातवा हिस्सा अफूचा होता. एवढं उत्पन्न असलं की वस्तूचे दोष दिसेनासे होतात. मिशनरी मंडळींनी ओरड केली म्हणून १८९३ मध्ये अफूवर एक शाही कमिशन नेमलं गेलं. १८९५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की हिंदुस्थानातले लोक बहुतांशी बेताने अफू खातात, इंग्लंडात दारू तशी इथे अफू, बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एकाच सदस्याने विरोधी मत लिहून ठेवलं.

हे कमिशन निव्वळ खोटं बोललं असंही म्हणता येत नाही, आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. आपल्याकडे अफू खाल्ली जायची, फार तर पाण्यात कालवून प्यायची. राजस्थानात पाहुण्याला ‘अमल’ देण्याची रीत होती. संधिवाताचे म्हातारे रोज गव्हाच्या दाण्याएवढी अफू खाऊन वीसवीस वर्षं शेतात काम करत. ती सुटायची नाही हे खरं. एक दिवस चुकली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळवटा, जुलाब. पण रोजचा दाणा वाढतच जाऊन माणूस रस्त्यावर आला, असं सरसकट होत नसे.

याचं एक कारण म्हणजे वेग. खाल्लेली अफू पोटातून, यकृतातून, रक्तातून मेंदूपर्यंत पोचायला अर्धा-एक तास घेते. हळूहळू चढते, हळूहळू उतरते. मेंदू शिकतो तो मात्र लगेच मिळणाऱ्या बक्षिसातून. कृती आणि सुख यांच्यात जितकं कमी अंतर, तितकी ती कृती पक्की रुजते. तेव्हा कुठल्याही नशेच्या पदार्थाबद्दल ‘काय घेतलं’ इतकंच ‘कसं घेतलं’ हेही विचारायला हवं. आणि गेल्या दोनशे वर्षांत आपण, म्हणजे माणसांनी, अफूचं काय केलं असेल तर तिला वेग दिला.

१८०४ च्या सुमारास जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश सर्टुर्नर या तरुणाने अफूतून तिचा अर्क वेगळा काढला. झोपेच्या राज्यातल्या ग्रीक देवावरून त्याला मॉर्फिन म्हटलं गेलं. त्याने स्वतःवर आणि तीन तरुण मुलांवर प्रयोग केला आणि चौघेही जेमतेम वाचले. तरीही हा शोध फार मोठा होता, कारण आता पहिल्यांदाच मात्रा मोजून देता येणार होती. (आजीच्या मोहरीएवढ्या गोळीला नेमकं हेच जमत नव्हतं.) १८५३ मध्ये एडिंबरोच्या डॉ. अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईने औषध टोचायला सुरुवात केली. सुईने दिलं म्हणजे पोटात जात नाही, मग अफूची ‘भूक’ लागणार नाही, अशी काही डॉक्टरांची समजूत होती! १८७७ मध्ये बर्लिनच्या डॉ. लेव्हिनस्टाइन यांना मॉर्फिनच्या व्यसनावर अख्खं पुस्तक लिहावं लागलं. त्यांच्या रोग्यांत डॉक्टरच बरेच होते.

मग मॉर्फिनच्या व्यसनावर उतारा शोधणं आलं. १८८४ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने कोकेनची शिफारस केली आणि आपल्या मित्राला, एर्न्स्ट फ्लाइश्लला, ते दिलंही. मॉर्फिन तर सुटलं नाहीच, वर कोकेनचं व्यसन जडलं. १८९१ मध्ये तो मित्र गेला.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीतल्या फेलिक्स हॉफमन या रसायनतज्ज्ञाने दोन आठवड्यांच्या आत दोन पदार्थ बनवले. एक ॲस्पिरिन. दुसरा मॉर्फिनला थोडा बदलून केलेला. हा दुसरा तेवीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये एकाने बनवून बाजूला ठेवलेला होता. बायरने १८९८ मध्ये तो बाजारात आणला, खोकल्यावरचं औषध म्हणून. क्षय आणि न्यूमोनियाने माणसं मरत होती तो काळ, त्यामुळे खोकल्याचं औषध ही चैन नव्हती. मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असं सांगितलं गेलं. ‘पराक्रमी’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून नाव ठेवलं हेरॉइन. तो छोटासा बदल काय होता? मॉर्फिनला जोडलेल्या दोन रासायनिक शेपट्यांमुळे ते चरबीत सहज विरघळतं आणि मेंदूभोवतीची तटबंदी झटकन ओलांडतं. आत गेल्यावर शेपट्या गळतात आणि उरतं पुन्हा मॉर्फिनच. म्हणजे हेरॉइन हे वेगवान मॉर्फिन. १९१३ मध्ये बायरने ते बनवणं थांबवलं, पण तोवर ते सगळीकडे पोचलं होतं.

पुढचं तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल. १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन ही गोळी आली. हळूहळू विरघळते म्हणून तिच्या गैरवापराचा धोका कमी, असं सांगितलं गेलं. लोकांनी ती कुटली आणि हळू विरघळणारी गोळी एका मिनिटात वेगवान केली. २००७ मध्ये पर्ड्यू कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, साठ कोटी डॉलरच्या वर भरावे लागले. पण तोवर फार उशीर झाला होता. गोळ्यांवरून लोक हेरॉइनवर गेले, हेरॉइनवरून फेंटानिलवर. हे १९६० मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी ऑपरेशनसाठी बनवलेलं, हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट तीव्र औषध. २०२१ पासून सलग तीन वर्षं अमेरिकेत दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं नशेच्या पदार्थांच्या अतिमात्रेने मेली, त्यांतली बहुतेक फेंटानिलसारख्या पदार्थांनी.

हे सगळं ओळीने मांडलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक नवा पदार्थ ‘हा सुरक्षित आहे’ असं म्हणतच आला. बऱ्याचदा तर आधीच्या व्यसनावरचा उतारा म्हणून. आणि असं सांगणारा पुष्कळदा विकणाराच असे, नाहीतर त्याच्यावर कर घेणारा.

मुंबईत हेरॉइन आलं ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. ब्राऊन शुगर, आपल्या मराठीत ‘गर्द’. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर टाकायची, खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. सुई नको, त्यामुळे भीतीही नाही. पण धुराचा वेग सुईच्या जवळपासच. छातीतून मेंदूत काही सेकंदांत. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत रिकामी मुलं पुष्कळ होती. आमच्याच मजल्यावरचा एक दादा, मला कॅरम शिकवणारा, दीड वर्षात घरातली भांडी विकायला लागला. त्याची आई दार लावून रडायची. आजी मात्र त्याला रोज बोलावून जेवायला वाढायची. लोक म्हणत, चोराला कशाला घरात घेता? ती काही बोलत नसे.

त्याच सुमारास अनिल अवचटांनी ‘गर्द’वर लिहिलं, आणि १९८६ मध्ये पुण्यात त्यांनी व डॉ. सुनंदा अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नव्हे, आजारी माणूस आहे, हे मराठी घरांनी बहुधा तिथूनच पहिल्यांदा ऐकलं. आमचा दादाही अशाच एका केंद्रात दोनदा जाऊन आला. दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर तीन आठवड्यांनी त्याने पूर्वीएवढीच घेतली, आणि गेला. आता कळतं की हा ठरलेला धोका आहे. रोज घेताना शरीर मोठी मात्रा सोसायला शिकलेलं असतं. काही आठवडे बंद ठेवलं की ती सोसण्याची ताकद जाते, माणसाची आठवण मात्र जुन्याच मात्रेची असते. व्यसन सोडून नुकत्याच घरी आलेल्या माणसाच्या घरच्यांना ही एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. आणि श्वास मंदावलेल्याला वाचवणारं नॅलोक्सोन नावाचं औषध आहे, हेसुद्धा.

मग ज्याने एकदा घेतलं तो गेलाच का? नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात एकदा तरी घेतलेल्यांपैकी किती जण पुढे त्या पदार्थाच्या आहारी गेले, ते मोजलं होतं. तंबाखू सुमारे ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. तंबाखू सगळ्यांत वर! आणि चारातले तीन जण हेरॉइन घेऊनही त्यात अडकले नाहीत. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये परतलेल्यांचा माग ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी काढला, तर त्या व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले फक्त पाच टक्के निघाले. युद्ध संपलं, घर मिळालं, काम मिळालं, बहुतेकांचं सुटलं. पण हे आकडे कुणी ‘मग एकदा करून बघायला काय हरकत’ असे वाचू नयेत. चारातला चौथा कोण, हे आधी सांगण्याची काही सोय नाही. आमच्या दादालाही आपण पहिल्या तिघांतलेच वाटलो होतो.

कायद्याने काय केलं? १९५९ पासून आपल्याकडे नोंदणी झालेले जुने अफूबाज वगळता अफू खाणं बंद झालं. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. अफू घेणारे ०.५२ टक्के आणि हेरॉइन घेणारे १.१४ टक्के. त्याआधीच्या, २००४ च्या पाहणीत अफूवाले जास्त होते. म्हणजे मंद वस्तू मागे पडली, वेगवान वस्तू पुढे आली. बंदीमुळेच असं झालं, असा निकाल मी देणार नाही. पण छोट्या पुडीत लपणारी तीव्र वस्तू चोरवाटेला सोयीची असते, एवढं व्यवहारज्ञान मला आहे. उलट उपचारात आज जे औषध जिभेखाली देतात, ते ब्युप्रेनॉर्फिन, त्याच कुलपात बसतं, पण सावकाश आणि दीर्घकाळ. म्हणजे वेग काढून घेणं हाच तिथे उपाय.

त्या कायद्याने आणखी एक झालं. कागदपत्रांच्या भीतीने हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकवणारा, ती परदेशी औषध कंपन्यांना विकणारा आपला देश, आणि आपलेच कॅन्सरचे रोगी गोळीविना तळमळत. २०१४ मध्ये कायदा सुधारला, पण भीती अजून पुरती गेलेली नाही.

आणि इथे आजी परत येते. १९९८ मध्ये तिला पोटाचा कॅन्सर झाला. शेवटचे दोन महिने फार वाईट होते. सुदैवाने डॉक्टरांकडे मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. ते म्हणाले, “आजी, ह्या घ्या, बरं वाटेल.” तिने विचारलं, “कशाच्या आहेत?” डॉक्टर सरळ माणूस, त्यांनी सांगितलं. तिने तोंड फिरवलं. आम्ही सगळ्यांनी समजावलं, रागावलो, रडलो. ती म्हणाली, “ती गोळी मी एकदा दिलीय. आता घेणार नाही.” आणि घेतली नाही. खरी गोष्ट आम्हा नातवंडांना कळली ती त्या दिवशी, आत्याकडून, हॉस्पिटलच्या जिन्यात.

तेव्हा माझ्याकडे यातली काहीच माहिती नव्हती. असती तरी कळवळणाऱ्या माणसाला इतिहास सांगून काय होतं, कोण जाणे. पण मला तिला सांगायचं होतं, की अगं, ती गोळी तुझ्या हातात येईपर्यंत तिच्यामागे शंभर वर्षांचे हात होते. माळव्यातला सावकार, पेटीमागे कर घेणारं सरकार, ती काही वाईट नाही असं लिहून देणारं कमिशन, आणि पाळणाघर न बांधणारा मालक. तुझा हात शेवटचा होता, आणि त्यांच्यात सगळ्यांत लहान. सगळ्या हातांना मोबदला मिळाला, शिक्षा मात्र तू एकटीने भोगलीस. आणि ही डॉक्टरांची गोळी ती नव्हे. वस्तू तीच आहे, पण ही मोजून दिलेली आहे, आणि तुझ्यासाठी दिलेली आहे, दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी नाही.

तुमच्या घरात कुणा दुखणाईताला डॉक्टर मॉर्फिन देऊ म्हणाले, तर शब्दाला घाबरून नाही म्हणू नका, नीट विचारा आणि सांगतील तेवढंच द्या. आणि कुणी कसलीही पुडी, गोळी, बाटली पुढे करून ‘याची सवय लागत नाही’ म्हणालं, तर आधी बघा, की तो ती विकतोय का.

असो. फार लांबलं. आत्याने वाचून होईपर्यंत थांबते.